पहिल्या वेचणीचा कापूस

आमच्या जळगावात वजनाला फार मान आहे. सराफ बाजारातल्या कुठल्याही पेढीवर जा, सोन्याचा काटा काचेच्या पेटीत बसलेला असतो, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या थाटात. तोलताना पेटीची झडप लावून घेतात, कारण पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा शेवटचा आकडा थरथरतो. आणि तो स्थिर होईपर्यंत गिऱ्हाईक, दुकानदार आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या असे तिघेही श्वास धरून उभे राहतात. तिकडे रावेर, यावल, सावद्याला केळी क्विंटलच्या भावाने जातात आणि लागवडीच्या दोन हंगामांपैकी कांदेबागाला काय मिळालं, मृगबागाला काय मिळेल यावर ओट्याओट्यावर खल चालतो. कापूस तर ट्रॉलीसकट भुईकाट्यावर चढतो. भरलेली ट्रॉली एकदा, रिकामी ट्रॉली एकदा, आणि मधली वजाबाकी म्हणजे एका घराचं वर्ष. मिलिग्रॅमपासून टनापर्यंत काहीही बिनचूक तोलून देणारं हे गाव माणूस तोलायची वेळ आली, की मात्र सगळी विद्या विसरतं.

आमच्या पलंगाखाली राहणारा काटा याला साक्षी आहे. घराला जुनी शहाबादी फरशी, त्यामुळे खिडकीजवळ तो एक आकडा दाखवतो आणि कपाटाजवळ पाऊण किलो कमी. आमच्या ह्यांनी कुठली फरशी पसंत केली असेल हे सांगायला नको. त्या फरशीवर आता कुणी खुर्चीसुद्धा ठेवायची नाही. वजन करायचं ते पहाटे, चहाच्या आधी, मनगटावरचं घड्याळ उतरवून, चष्माही काढून. आणि चष्मा काढल्यावर आकडा दिसत नाही म्हणून मला हाक. मी झोपेतून उठून माझ्या चष्म्यातून आकडा वाचते. कुठल्याही सरकारी लिलावात याहून जास्त पारदर्शकता नसेल.

निमित्त माझ्या भाच्याच्या लग्नाचं. लग्न धुळ्याला, वैशाखात. ह्यांचा जोधपुरी कोट कपाटातून बाहेर आला तो संक्रांतीच्या सुमारास, आणि त्याच्या मधल्या दोन गुंड्यांनी काजांकडे पाहून मान फिरवली. नवा शिवून घेऊ म्हटलं, तर माणूस दुखावला. कोटाला माणूस बेतायचा की माणसाला कोट, हा प्रश्न पुरुषांना साठीच्या आसपास फार तात्त्विक वाटू लागतो. शेवटी लो-कार्ब करायचं ठरलं. मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी फिरणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांना छातीठोक सांगितलं होतं, की पहिल्याच महिन्यात सहज सात-आठ किलो. ह्यांनी त्याला साडेतीन महिन्यांनी गुणलं, स्वतःच मोठ्या मनाने बरीच सूट दिली आणि दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिलं: पंधरा किलो.

ही भाषा आपल्याकडे अगदीच नवी नाही. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं सूत्र गावोगावी नेलं, आणि ते स्वतः त्याचं श्रेय नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ते सूत्र म्हणजे लो-कार्ब नव्हे. पण त्याने एक केलं, इन्सुलिन हा शब्द दवाखान्यातून काढून पारावर आणून बसवला. पूर्वी लग्नाच्या पंगतीत सोयरिकी जुळायच्या, मध्यंतरी इन्सुलिनच्या पातळ्या जुळायला लागल्या. तेव्हा जमीन नांगरून तयार होती. लो-कार्बवाल्यांनी फक्त पेरणी केली.

पण पेरणी खान्देशात! इथे ज्वारीच्या पिठात उडीद मिसळून कळण्याची भाकरी होते, खापरावर हातभर मांडे पसरतात, लग्नाकार्यात वरण-बट्टी नसेल तर लग्न लागलं की नाही अशी शंका घेतात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या वर. लो-कार्ब म्हणजे साधारण दिवसाला 130 ग्रॅमच्या आत, आणि कडक कीटो म्हणजे 50 च्याही आत. म्हणजे एका बेताच्या भाकरीत कीटोचा सूर्यास्त. 2016 मध्ये जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. (केळी वाटायला हवी होती, पण घरचीच गोष्ट वाटण्यात काय मजा?) अशा गावात राहून केळं वर्ज्य करायचं, म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाशी बोलणं टाकण्यासारखं.

त्यातल्या त्यात वांग्याने ह्यांना हात दिला. भरताची आमची वांगी हिरवी, लांबट, अंगाने भरलेली, हातात घेतली तर तान्ह्या मुलासारखी जड. त्यांनाही मानांकन आहे, आणि शंभर ग्रॅममागे कर्बोदकं सहा ग्रॅमच्याही आत. मी धुळ्याकडची. भरीत माझ्या माहेरीही होतं, पण त्याचा सोहळा मी पाहिला तो सासरी आल्यावर. थंडीच्या दिवसांत शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात काळीठिक्कर पडलेली वांगी, सोलताना बोटांना बसणारे चटके, मग लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणासकट धबाधबा कुटणं. सासूबाई कुटायच्या तेव्हा त्यांच्या बांगड्या त्या तालावर मागेपुढे व्हायच्या, आणि कुणी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही. किंवा ऐकू येत नाही असं त्यांना सोयीचं वाटायचं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि शेंगदाण्याच्या तेलाची धार. ती धार किती, हे कुणी मोजलं नाही. सोन्याच्या गावातही एक गोष्ट बिनमापाची असावी म्हणूनच जणू.

ह्यांनी जाहीर केलं, की भरीत चालतं. चालतंच. पण भरीत एकटं कधी येत नाही, त्याच्या मागे कळण्याची पुरी येते, आणि पुरीला नाही म्हटलं की भरीत खाणारा माणूस दुसरीकडे भरपाई शोधतो. कर्बोदकं कमी म्हणून शेंगदाणे चालतात, असं कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात हे त्याच पानावर खाली लिहिलं होतं, पण तिथपर्यंत जाताना चष्मा घसरला असावा. संध्याकाळी टीव्हीपुढे टरफलांचा ढीग इतका वाढायचा, की वाटावं घरातच मोंढा भरलाय.

आणि तरीही पहिल्या आठवड्यात वजन उतरलं! थोडंथोडकं नाही, अडीच किलो. ह्यांनी मला दोनदा आकडा वाचायला लावला, मग मुलाला पुण्याला फोन केला, मग तलावाकाठच्या मंडळींना. आठवड्याला अडीच, तर लग्नापर्यंत किती, हे गणित ते पाटावर बसल्या बसल्या बोटांवर करू लागले आणि उत्तर ऐकून मला भीतीच वाटली. त्या हिशेबाने वैशाखात मांडवात कोटच यायचा, आत कुणी नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ह्यांची उमेदीची सगळी वर्षं एका जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेली. कोपरापर्यंत हात ट्रॉलीत खुपसायचा, आतला कापूस मुठीत दाबायचा, सोडायचा, तो किती फुलून येतो ते बघायचं, एखादी सरकी दाताखाली फोडायची. कट्‌ वाजली तर कोरडी, गप्प राहिली तर ओली. आता यंत्रं आली. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, वर बारापर्यंत भाव कापत जाते, बाराच्या पुढे कापूस परत. पण ह्यांच्या हाताचा अंदाज यंत्राला धरून असायचा, असं अजूनही लोक सांगतात. दसऱ्याच्या आगेमागे जो पहिल्या वेचणीचा कापूस येतो, तो पावसाचा आणि दवाचा ओलावा घेऊन येतो. काट्यावर तो भरघोस दिसतो. पण पाणी ते पाणी. म्हणून खाजगी व्यापारी क्विंटलमागे काही किलो आधीच वजा धरतात. त्याला कट्टी म्हणतात.

माझे वडील शिंदखेडा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. काट्याच्या दुसऱ्या बाजूचे. कापूस घालून घरी आले की ओट्यावर बसून चपला काढता काढता ते आईला दोन आकडे सांगायचे, एक काट्याने दाखवलेला आणि एक हाती आलेला. मधल्या अंतरावर कधी चिडायचे नाहीत. कापसावर काही जण पाणी मारतात, अशी व्यापाऱ्यांची कुरकुर असे. वडील म्हणायचे, मारत असतील. पण दव कोण मारतं? पुढे ह्यांचं स्थळ आलं. पाहण्याचा कार्यक्रम चालू होता, पोह्यांच्या बशा फिरत होत्या, आणि वडिलांनी नोकरी, शेती, भावंडं असलं काही न विचारता एकदम विचारलं, “कट्टी किती लावता?” हे गडबडले. मग म्हणाले, “ओल असेल तेवढीच.” वडिलांनी आत येऊन आईला सांगितलं, की जमवून टाका.

तर असा माणूस आपल्याच अडीच किलोंना हात लावून बघत नव्हता. मी एका संध्याकाळी शेंगदाणे सोलता सोलता म्हटलं, “अहो, ही पहिली वेचणी आहे.”

आपल्या शरीरात, स्नायूंमध्ये आणि यकृतात, चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवलेली असते. ग्लायकोजेन तिचं नाव. ती कोरडी राहत नाही, प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. भाकरी, भात, केळी बंद झाली की शरीर आधी हा साठा मोडतं, आणि साठा मोडला की त्याने धरलेलं पाणी वाहून जातं. काट्यावरून एका आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, कधी जास्तही, आणि त्यात चरबी असते ती चिमूटभर. पुन्हा दोन दिवस पोटभर भाकरी खा, साठा भरतो, पाणी परततं, काटा जागच्या जागी. उतरताना चमत्कार नव्हता आणि चढताना पापही नाही. एक किलो चरबी घटवायची तर साधारण 7700 उष्मांकांची तूट पडावी लागते, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो गेला तरी पीक चांगलं आलं म्हणायचं. साठीच्या माणसाला, संध्याकाळच्या शेंगदाण्यांसकट, त्याहून कमी.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि काही बोलले नाहीत. कापूस पारखणाऱ्याला कुणी ओल दाखवून दिली, की तो असाच गप्प होतो. दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टरांकडे जाऊन आले; त्यांना साखरेची गोळी चालू आहे आणि भाकरी अशी अचानक कमी केली तर गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो, हे तलावाकाठी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे आठवडे सरकी फुटावी तसे गेले, बारीक आवाजात. तीनशे ग्रॅम. मग काहीच नाही. मग दोनशे ग्रॅम वर, आदल्या रात्री पाहुणे होते म्हणून. मग एकदम पाचशे खाली, कारण अज्ञात. या काळात मी त्यांना विल्यम बँटिंगची गोष्ट सांगितली, कारण लो-कार्बवाल्यांचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव घेतात. लंडनचा हा गृहस्थ, राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था ज्या घराण्याकडे असे त्या घराण्यातला. सगळ्या जगाला शेवटी एकाच मापाच्या पेटीत बसवणारा माणूस स्वतः मात्र बुटाची नाडी बांधायला वाकू शकत नव्हता आणि जिना उलटा, पाठमोरा उतरायचा. गेला होता तो कानाच्या तक्रारीसाठी. विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरने त्याचा पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. (वाइन चालू ठेवली. डॉक्टर व्यवहारी होता.) ऑगस्ट 1862 मध्ये 202 पौंडांचा असलेला बँटिंग पुढच्या सप्टेंबरात 156 वर आला. या अनुभवावर त्याने पुस्तिकाही लिहिली. सेहेचाळीस पौंड, म्हणजे सुमारे एकवीस किलो. आकडा ऐकून ह्यांचे डोळे चमकले. मग त्यांनीच कागद ओढून वर्षाच्या आठवड्यांनी भागलं. आठवड्याला चारशे ग्रॅम.

“म्हणजे ह्यालाही इतकाच वेळ लागला?” त्यांच्या आवाजात एकदम बंधुभाव आला.

मी आणखी एक सांगितलं. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 माणसांचे दोन गट केले, एकाला कर्बोदकं कमी, दुसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी. 2018 मध्ये निकाल छापून आला. वर्षाअखेर पहिल्यांचं सरासरी सहा किलो उतरलं होतं, दुसऱ्यांचं सव्वापाच-साडेपाच. म्हणजे फरक नाहीच. खरी गंमत सरासरीच्या आत होती. दोन्ही गटांत कुणाचे तीसेक किलो गेले होते, तर कुणाचे दहाएक वाढले होते. “पद्धत एकच, शेत वेगवेगळं,” हे म्हणाले, आणि दिनदर्शिकेचं पान उलटून पंधराच्या जागी काही न लिहिता नुसती रेघ मारून आले. मला त्या रेघेचं फार कौतुक वाटलं. माणूस ध्येय बदलतो तेव्हा सहसा नवं लिहितो. कोरं ठेवायला जास्त धीर लागतो.

फाल्गुनात लग्नाच्या खरेदीला धुळ्याला गेलो. माझ्या आत्याचं घर तिथे. आत्या नव्वदीला टेकलेली, अंगाने काडी, अहिराणीखेरीज दुसरं बोलत नाही. जावयाकडे बघून दारातच म्हणाली, “काय व्हयनं हो जवाईबापू तुम्हले? पार वाळी गयात!” ह्यांच्या तोंडावर जी प्रसन्नता पसरली ती कुठल्याही काट्याने दिली नव्हती. वास्तविक आत्याला मोतीबिंदू आहे आणि हे वाक्य ती गेली कित्येक वर्षं आल्यागेल्या प्रत्येकाला म्हणते, कारण त्याच्या पाठोपाठ ताट येतं. ताटात शेवभाजी होती, भाकरी होती, आणि शेजारी केळ्याची फणी. “हाई जळगावनं शे,” आत्या जळगावकराला म्हणाली. ह्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि एक केळं, सावकाश, डोळे मिटून, कुठलाही हिशेब न करता. अर्ध्या भाकरीवर आत्या खूष नव्हती, पण तिला दिसलंही नाही.

संध्याकाळी तुरुंगाच्या बाजूने चालत गेलो. 1932 साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवारी अठरा अध्याय, आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते. सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याचं आणि मुळीच न खाणाऱ्याचं, दोघांचंही जमायचं नाही असं भगवंतांनी सांगून ठेवलंय. ते मला माहीत होतं आणि मी ते ऐकवायच्या बेतात होते, पण ह्यांचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. “आठवड्याला एकच अध्याय?” त्यांनी विचारलं. “सगळे तर आतच होते, कुठे जायचं नव्हतं. रोज एक घेतला असता तरी कोण नाही म्हणणार होतं?” मी म्हटलं, मधले सहा दिवस मुरायला लागत असतील. त्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, की अठरा आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या किलोने नऊ होतात, म्हणजे गीतासुद्धा पंधरापर्यंत पोचवत नाही. विनोबांच्या आजवर झालेल्या भाष्यांत हे भाष्य नवीन असावं.

मजा म्हणजे विनोबांचं स्वतःचं दुखणं उलटं होतं. 1938 मध्ये त्यांचं वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आलं होतं, तेव्हा ते पवनारला राहायला गेले आणि विचारांचं सगळं ओझं खाली ठेवून तिथे काही महिन्यांत चाळीसेक पौंड परत मिळवले. एकाचं ओझं उतरल्याने वजन वाढतं, दुसऱ्याचं वजन उतरवता उतरवता ओझं होतं.

चैत्रात कळण्याची पुरी पुन्हा घरात आली, शेंगदाण्यांचा ढीग लहान झाला, शहाबादीच्या त्या फरशीवर एकदा धुणं वाळत घालायचा स्टँडही उभा राहिला आणि कुणी काही बोललं नाही. वजन आठवड्यातून एकदाच व्हायला लागलं, रविवारी. हाक मात्र मलाच.

लग्नाच्या दिवशी कोटाच्या त्या दोन गुंड्यांपैकी वरची लागली. खालची लागली नाही, पण तिच्यावर शाल होती. पंगतीत माझा भाऊ समोर बसला होता. वडिलांच्या पश्चात शेत तोच करतो, आणि त्या साली कापसाला भाव नव्हता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने भाऊजींकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “बरेच उतरलात. किती?”

“काट्यावर सहा,” हे म्हणाले. वरणात बट्टी कुस्करता कुस्करता जरा थांबले. “ओल वजा जाता चार.”

भावाने मान हलवली, वाढप्याला हाक मारली आणि ह्यांच्या पानाकडे बोट दाखवून तुपाची वाटी मागवली.